‘माझा कोणावरही संशय नाही’ : हे वाक्य वाचल्याशिवाय सही करू नका

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं एकाच विषयाची आहेत. बाई घरातून दिसेनाशी झाली आहे, आणि तिला त्या घरात मारहाण होत होती हे पत्र लिहिणाऱ्याला माहीत आहे. त्यातलं एक पत्र तर अशा बाईचंच आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे (भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम) लागू झाले, त्यामुळे कलमांचे आकडे नवे आहेत.

प्रश्न : माझी थोरली बहीण शेजारच्या तालुक्यात दिली आहे. लग्नाला सहा वर्षं झाली. मार खाऊन दोनदा ती माहेरी आली होती, दोन्ही वेळा आम्हीच समजूत घालून परत पाठवली. चार दिवसांपूर्वी दाजींचा फोन आला, ‘तुमची बहीण दुपारी कुणाला न सांगता निघून गेली’. त्यांनी त्याच रात्री मिसिंग (बेपत्ता झाल्याची तक्रार) दिली होती. आम्ही ठाण्यात गेलो तर ‘मिसिंग दाखल आहे, तुमचं वेगळं लिहायची गरज नाही, वाट बघा’ असं सांगितलं. — एक भाऊ, सोलापूर जिल्हा

उत्तर : गरज आहे, आणि आजच आहे. दाजींनी दिलेली मिसिंग ही दाजींची हकीकत आहे. तिच्यात बहीण ‘निघून गेली’ असं लिहिलेलं आहे आणि सगळा शोध त्या दोन शब्दांवरून सुरू होतो: एसटी स्टँड, मैत्रिणी, ‘कुणाशी फोनवर बोलायची का’. घराकडे कुणी वळत नाही. मारहाण त्या कागदावर नसेल तर तपासी अंमलदाराच्या दृष्टीने ती झालेलीच नाही. म्हणून तुमचं पहिलं काम एकच: तिचं हरवणं आणि तिला झालेली मारहाण एका कागदावर आणा.

सज्ञान माणूस हरवला तर चोवीस तास थांबायचं असा नियम कायद्यात कुठेही नाही. एक मिसिंग दाखल असताना दुसऱ्याचा जबाब घ्यायचा नाही, असाही नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा. एक ठाणे अंमलदाराकडे द्या. दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. शिक्का मिळेपर्यंत तिथून हलू नका. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी पाळी बदलली की राहत नाही.

अर्जात कलमं घालू नका, घटना घाला. याचं कारण नीट समजून घ्या. तुम्ही फक्त ‘सासरी छळ होता’ एवढंच लिहिलंत, तर तो न्याय संहितेच्या कलम ८५ चा विषय होतो. त्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. अशा गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे. ते दिवस समुपदेशनाच्या तारखांत निघून जातात. पण तिला जिवे मारण्याची धमकी कधी, कुणासमोर दिली, याआधी तिला कुठे कोंडून ठेवलं होतं, ती शेवटची दिसली तेव्हा कुणाबरोबर होती, हे तपशील आले की बळजबरीने नेणं आणि डांबून ठेवणं यांच्याशी संबंधित कलम १४० पुढे येतं. ते जड आहे, आणि तिथे ती चौदा दिवसांची वाट नाही. दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येणाऱ्या) गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली सांगितलेलं आहे. आणि कलम ८५ ची फिर्याद फक्त तीच देऊ शकते असंही नाही, रक्ताच्या नातेवाइकाला ती देता येते. तुम्ही भाऊ आहात.

मारहाणीच्या तारखा आठवत नाहीत, असं सगळेच म्हणतात. आईला विचारा. ती ‘पंचमीला आली तेव्हा डोळा सुजलेला होता’ किंवा ‘भाऊबीजेला आली नाही, फोनवर रडत होती’ असं सांगेल. कॅलेंडर घ्या आणि त्या सणांची तारीख लिहा. मग त्या तारखेच्या मागेपुढे दवाखान्याचा केसपेपर, सरकारी रुग्णालयातला एमएलसी (पोलिसांना कळवायच्या दुखापतीची नोंद) नंबर, ठाण्यातली एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), तंटामुक्ती समितीत झालेली बैठक, बहिणीने पाठवलेला फोटो किंवा व्हॉइस मेसेज यांतलं काय सापडतं ते शोधा. आशा सेविका, बचत गटातल्या बाया, शेजारची जाऊबाई यांना बऱ्याचदा माहेरापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांची नावं साक्षीदार म्हणून द्या.

यानंतर सर्वांत बोलकी यादी करा: ती काय घेऊन गेली आणि काय मागे राहिलं. फोन, चार्जर, चष्मा, चपला, पर्स, आधार कार्ड, एटीएम कार्ड, रोजच्या गोळ्या, मंगळसूत्र, मुलांचे कपडे. ज्या बाईला चष्म्याशिवाय चार पावलं टाकता येत नाहीत तिचा चष्मा घरात असेल, थायरॉइडच्या गोळ्या फळीवर असतील आणि चपलांचे दोन्ही जोड दारात असतील, तर ती स्वतःहून गेली हे पटायला कठीण आहे. ही यादी ‘निघून गेली’ या दोन शब्दांना सरळ उत्तर देते.

आता सहीबद्दल. मिसिंगच्या जबाबाच्या शेवटी ‘माझा कोणावरही संशय नाही, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असं ठरावीक वाक्य लिहिलं जातं. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, नमुना तसा पडलेला आहे. पण घाबरलेला माणूस न वाचता सही करतो, आणि पुढे खटल्यात बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न त्या वाक्यावरच विचारतो: ‘पहिल्या दिवशी तुम्हाला संशय नव्हता ना?’ जबाब स्वतः वाचा किंवा वाचून घ्या. ते वाक्य असेल तर खोडून तुमचा संशय कुणावर आणि का, ते लिहायला सांगा. आधीच सही झाली असेल तर आज पुरवणी जबाब द्या. चार दिवसांनी दिलेला पुरवणी जबाब चालतो, चार महिन्यांनी दिलेल्याला ‘नंतर सुचलेली गोष्ट’ म्हणतात.

ठाण्याने नाहीच ऐकलं तर रस्ते असे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. तुमच्या गावाजवळच्या ठाण्यात द्या, तिथे ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. ई-मेलनेही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदवायला नकार मिळाला तर तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा आणि स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. तरीही काही नाही झालं तर प्रतिज्ञापत्रासह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ही पायरी अधीक्षकांच्या पायरीनंतरच चढता येते. ती पावती नसेल तर अर्ज तिथेच अडकतो. बहीण कुठे तरी डांबलेली आहे आणि जागेचा अंदाज आहे, अशी स्थिती असेल तर याच संहितेच्या कलम १०० खाली प्रांतांकडेही (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडेही) अर्ज करता येतो. ते झडतीचं वॉरंट काढू शकतात.

प्रश्न : आम्ही सासरच्या घरी जाऊन स्वतः पुरावे गोळा करावेत का? तिचा फोन तिथेच आहे म्हणतात. — वरील वाचकाचाच दुसरा प्रश्न

उत्तर : घरात शिरू नका, काही उचलू नका, कुणाला जाब विचारू नका. तुम्ही उचललेली वस्तू न्यायालयात ‘माहेरच्यांनी आणून ठेवली’ अशी होते. पोलिसांकडे लेखी मागणी करा: घराचा, न्हाणीघराचा, मोरीच्या नळीचा, वाहनाच्या डिकीचा आणि आवारातल्या नव्याने खणलेल्या किंवा प्लास्टर केलेल्या जागेचा पंचनामा व्हावा, न्यायवैद्यक पथक बोलवावं. धुतलेल्या फरशीवरही रक्ताचा अंश सापडू शकतो, पण रंग मारला, फरशी बदलली की संधी कमी होते. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे. ते होतंय का ते बघा.

वेळेशी खरी शर्यत सीसीटीव्हीची आहे. दुकानांतले आणि सोसायट्यांतले कॅमेरे साठवण भरली की जुन्यावर नवं लिहितात, साधारण पंधरा दिवस ते महिनाभरात. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा, प्रत्येक कॅमेरा वहीत टिपा, आणि त्या दिवशीचं चित्रण जपून ठेवा असं मालकाला सांगून यादी पोलिसांना द्या. मालकाने दाखवलंच तर पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. तो फक्त पोलिसांना वेळ दाखवायला. मूळ चित्रण जप्त होणं आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मिळणं हे पोलिसांचं काम आहे, त्याशिवाय पेनड्राइव्हला फारशी किंमत नाही. कॉलच्या नोंदी दूरसंचार कंपन्यांना दोन वर्षं ठेवाव्या लागतात, त्यामुळे त्या लगेच पुसल्या जात नाहीत. त्या खासगी गुप्तहेराकडून विकत घेऊ नका, तो गुन्हा आहे.

तिच्या नावाची दुसरी सिम काढू नका, सिम किंवा हँडसेट बंद करायला सांगू नका. फोन सुरू झाला तर तो कुठल्या टॉवरवर आहे हे कळण्याचा धागा तुम्हीच तोडाल. फोनचा खोका सापडला तर त्यावरचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख) क्रमांक पोलिसांना द्या. तिच्या फोनवरून ‘मी बरी आहे, शोधू नका’ असा मेसेज आला तर त्याला ती जिवंत असल्याचा पुरावा मानू नका. अशा प्रकरणांत संशयितानेच तिच्या फोनवरून मेसेज पाठवल्याची उदाहरणं आहेत. ती तुम्हाला ‘दादा’ लिहायची की नुसतं नाव, मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची की देवनागरीत, व्हॉइस मेसेज जास्त पाठवायची का, हे जुन्या मेसेजशी ताडून बघा आणि फरक लेखी कळवा. तिच्याशी बोलणं झाल्याशिवाय शोध थांबवायला संमती देऊ नका.

एक जड गोष्ट सांगणं भाग आहे. शेजारच्या जिल्ह्यांतल्या ठाण्यांत आणि लोहमार्ग पोलिसांकडे अकस्मात मृत्यूच्या नोंदी तपासायला सांगा. अनोळखी मृतदेह फार दिवस ठेवत नाहीत. म्हणून ओळखीच्या खुणा पहिल्याच अर्जात हव्यात: गोंदण, बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेचा व्रण, दाताची कॅप, हाडात बसवलेली पट्टी, चमकी कुठल्या नाकपुडीत. फोटो लग्नाच्या अल्बममधला नको, अलीकडचा साधा द्या: एक चेहऱ्याचा, एक उभा. आई-वडिलांनी डीएनए नमुना द्यायची तयारी लेखी कळवावी. माहेरी तिचा कंगवा किंवा टूथब्रश असेल तर तो कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि पंचनामा करूनच द्या. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणाने नमुना खराब होतो.

लग्नाला सात वर्षं पूर्ण झालेली नाहीत, हेही अर्जात लिहा. मृत्यू झाल्याचं निष्पन्न झालं आणि हुंड्यासाठी छळ दिसला, तर न्याय संहितेचं हुंडाबळीचं कलम ८० लागू होण्यासाठी ही मुदत निर्णायक आहे.

प्रश्न : मी दोन मुलांना घेऊन घरातून निघाले आहे. नवऱ्याने मी बेपत्ता असल्याची तक्रार दिली आहे आणि माझा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो आहे. पोलीस मला शोधून त्याच्या ताब्यात देतील का? मागच्या महिन्यात त्याने माझा गळा दाबला होता. — एक वाचक, विदर्भ

उत्तर : ताई, नाही देणार. तुम्ही सज्ञान आहात, पोलीस तुम्हाला कुणाच्या ‘ताब्यात’ देऊ शकत नाहीत. पण मिसिंग उघडी राहिली तर शोध चालूच राहतो, म्हणून ती तुम्हीच बंद करा. जिथे आहात तिथल्या कोणत्याही ठाण्यात, शक्यतो जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमधल्या (हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रातल्या) कार्यकर्तीला सोबत घेऊन जा आणि जबाब द्या: मी स्वतःच्या इच्छेने, मारहाणीमुळे घर सोडलं आहे, मला परत जायचं नाही, माझा पत्ता नवऱ्याला किंवा सासरच्या कुणाला सांगू नये. शेवटचं वाक्य जबाबात लिहून घ्या. ते ठाणं मूळ ठाण्याला कळवतं आणि मिसिंग बंद होते. सखी सेंटरचा रस्ता १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारा. तिथे साधारण पाच दिवस राहता येतं, पुढे निवारागृहाची सोय लावतात. निवारागृहाला तुमची माहिती गुप्त ठेवायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

जबाबात गळा दाबल्याची घटना तारखेसह सांगा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. महिना झाला तरी दाखवा. गळा दाबल्यावर बाहेर वळ उठतातच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, त्या क्षणी लघवी होणं, थोडा वेळ शुद्ध जाणं ही लक्षणं होती का, ते केसपेपरवर लिहून घ्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त आढळली होती. घर सोडल्यानंतरचे आठवडेही धोक्याचे असतात. तुम्ही निघालात ते बरोबर केलंत. शेवटचं एकदा बोलायला, कपडे आणायला, दागिने घ्यायला एकट्या परत जाऊ नका. सामान पोलिसांसोबत आणता येतं.

तो तुम्हाला कसा शोधेल याचा विचार त्याच्या बाजूने करा. मुलांच्या फोनवर त्याचं गूगल खातं आहे का? व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘जोडलेली उपकरणं’ उघडा, अनोळखी असेल ते काढा. तुमच्या बँक खात्याला त्याचा नंबर जोडलेला असेल तर तुम्ही एटीएममधून पैसे काढताच मेसेज त्याला जातो. लाडकी बहीणचे पैसे जमा झाल्याचाही त्यालाच जाईल. नंबर आधी बदला, मग कार्ड वापरा. नव्या शाळेसाठी जुन्या शाळेतून दाखला मागवलात तर तिथून बातमी फुटते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, त्यामुळे आधी प्रवेश घ्या. न्यायालयाचा ताब्याबाबत आदेश नसेल तर आईने मुलं सोबत नेणं हे सहसा अपहरण ठरत नाही, पण जबाबात मुलं माझ्यासोबत सुरक्षित आहेत हे नक्की लिहा.

त्यानंतर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली अर्ज. तालुक्याचे संरक्षण अधिकारी तो भरून देतात, पैसे पडत नाहीत. पहिली तारीख सहसा तीन दिवसांत द्यावी असं कायदा म्हणतो. धोका मोठा असेल तर नवऱ्याला न ऐकताच अंतरिम संरक्षण आदेश मागता येतो. तो आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा. वकील विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो, बाईसाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

प्रश्न : मुलगी आमच्या मनाविरुद्ध एका मुलाबरोबर दुसऱ्या राज्यात राहते. आम्ही बोलणं टाकलं होतं. तिची मैत्रीण म्हणते, तो हात उचलायचा आणि तीन आठवडे तिचा फोन बंद आहे. लग्न झालेलं नाही. आम्हाला तक्रारीचा हक्क आहे का? — एक आई, पालघर जिल्हा

उत्तर : आहे. आपल्या गावच्या ठाण्यात मिसिंग द्या, दुसऱ्या राज्यात जाऊन द्यायची गरज नाही. वसईच्या तरुणीचं प्रकरण तुमच्या जिल्ह्यातलंच आहे. तिने नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्यात पोलिसांना लेखी तक्रार दिली होती की जोडीदार मारतो, मारून तुकडे करण्याची धमकी देतो. नंतर ती तक्रार तिने मागे घेतली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. घरच्यांशी संबंध तुटलेले होते, मित्रांना फोन लागेना म्हणून वडिलांपर्यंत बातमी पोचली, वसईत तक्रार झाली ती ऑक्टोबरमध्ये आणि अटक नोव्हेंबरमध्ये. तो खटला न्यायालयात आहे, त्याबद्दल जास्त बोलणं योग्य नाही. पण मधले पाच महिने सगळ्यांनी लक्षात ठेवावेत. तुमच्याकडे तीन आठवडेच झाले आहेत, उद्याची वाट बघू नका.

मैत्रिणीचा जबाब तुमच्या जबाबाइतकाच महत्त्वाचा आहे, तिला सोबत न्या. मुलीने तिला पाठवलेले फोटो आणि मेसेज आहेत तिथेच राहू द्या, फोन बदलू नका, चॅट पुसू नका. घरमालकाचं नाव, भाडेकरार, मुलीच्या ऑफिसमधल्या शेवटच्या हजेरीची तारीख, पगार कुठल्या खात्यात जातो, एवढं जमवा. खात्यातून पैसे निघत असतील तर कुणी काढले हे एटीएमच्या कॅमेऱ्यात दिसतं. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यालाही हिंसाचार कायदा लागू होतो, नातं लग्नासारखं असलं तर. कलम ८५ मात्र फक्त नवरा आणि त्याच्या नातेवाइकांसाठी आहे, त्यामुळे तुमच्या अर्जात भर मारहाण, धमकी आणि डांबणं यांवर हवा. ठाण्यात ‘तुम्हीच तिला टाकलं होतं ना’ असं कुणी म्हटलं तर मान खाली घालून निघून येऊ नका. त्याचा तुमच्या हक्काशी काही संबंध नाही.

प्रश्न : मृतदेह सापडला नाही तर खुनाचा खटला उभाच राहत नाही, असं सगळे सांगतात. खरं आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : खरं नाही. मृतदेह मिळालाच पाहिजे अशी अट खुनाच्या शाबितीसाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच स्पष्ट केलं आहे. मात्र माणूस मेला आहे आणि तो खून आहे, हे परिस्थितीच्या पुराव्याने घट्ट सिद्ध व्हावं लागतं. महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण एका महिला सहायक पोलीस निरीक्षकाचं. त्या एप्रिल २०१६ मध्ये नवी मुंबईतून बेपत्ता झाल्या. गुन्हा दाखल व्हायला पुढचं वर्ष उजाडलं, कारण संशय एका वरिष्ठ पोलीस निरीक्षकावर होता. कुटुंब सतत मागे लागलं. मृतदेह कधीच सापडला नाही, तरी एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली.

घराच्या चार भिंतींत घडलेल्या गोष्टींबद्दल साक्ष्य अधिनियमाचं कलम १०९ आहे (जुना १०६). जी गोष्ट खास एखाद्यालाच माहीत असते, तिचा खुलासा त्यानेच करायचा. २००६ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सासरच्यांनी बायकोला साप चावल्याचं सांगितलं होतं, शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं. घरात ती आणि नवरा असताना हे कसं झालं याचा पटेल असा खुलासा नवऱ्याने दिला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती त्याच्याविरुद्धची कडी मानली. यात एक खाच आहे. आधी सरकार पक्षाला दाखवावं लागतं की त्या वेळी ती त्याच घरात, त्याच्याबरोबर होती. ‘शेवटची कुणाबरोबर दिसली’ हे सांगणारा दूधवाला, शेजारीण, दुकानदार यांची किंमत इथे कळते. त्यांची आठवण ताजी असताना जबाब व्हायला हवेत.

बेपत्ता व्यक्तीबद्दल सात वर्षं काहीही कळलं नाही तर ती मृत धरता येते, पण कोणत्या तारखेला मेली हे त्यातून ठरत नाही. म्हणून विम्याचे हप्ते मधेच थांबवू नका. संशयित नवराच वारसदार म्हणून नोंदलेला असेल तर विमा कंपनीला आणि बँकेला गुन्हा क्रमांकासह लेखी हरकत द्या. खून करणाऱ्याला मयताचा वारसा मिळत नाही, हिंदू वारसा कायद्याच्या कलम २५ मध्ये तसं लिहिलं आहे.

प्रश्न : शेजारच्या घरातून रात्री मारहाणीचे आवाज यायचे. सहा दिवस वहिनी दिसत नाहीत, ते ‘माहेरी गेली’ म्हणतात. त्यांची पाच वर्षांची मुलगी ‘आई झोपली होती, बाबांनी गाडीत ठेवली’ असं म्हणाली. आम्हाला त्या माणसाची भीती वाटते. — एक शेजारीण, पुणे

उत्तर : हे वाचून होताच ११२ लावा. मुलीचं वाक्य जसंच्या तसं सांगा, स्वतःचे शब्द घालू नका, आणि नाव गुप्त ठेवायला सांगा. हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी देणाऱ्यावर कारवाई होत नाही. वहिनींच्या माहेरचा नंबर मिळाला तर एकदा विचारा, पण त्यासाठी पोलिसांना कळवणं थांबवू नका.

मुलीला पुन्हा काही विचारू नका. लहान मूल पुन्हा पुन्हा विचारलं की समोरच्याला हवं ते जोडायला लागतं, आणि मग ‘पढवलेली साक्षीदार’ म्हणून तिचं खरं बोलणंही बाजूला पडतं. तिचा जबाब घरीच किंवा ती निर्धास्त असेल अशा जागी व्हावा, पंधरा वर्षांखालच्या मुलांना ठाण्यात बोलावता येत नाही. ती संशयिताबरोबर एकटी असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा, बालकल्याण समिती तिला सुरक्षित जागी ठेवू शकते. माहेरच्या आजी-आजोबांना पालकत्वासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. कोणत्या रात्री किती वाजता आवाज आले, गाडी कधी गेली, कधी आली, ते आजच लिहून ठेवा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत आहे, नवऱ्याच्या व्हिसावर. तो तिला मारतो हे तिने सांगितलं होतं. नऊ दिवस फोन नाही. इथून काय करता येईल? — आईवडील, नाशिक

उत्तर : भारतातून ९११ (अमेरिकेतला तातडीचा क्रमांक) लागत नाही. ती ज्या गावात राहते तिथल्या पोलीस खात्याचा तातडीचा नसलेला साधा क्रमांक गावाच्या संकेतस्थळावर असतो. तिथे फोन करून ‘वेल्फेअर चेक’ (घरी जाऊन ती सुखरूप आहे का ते बघणं) हवा एवढं म्हणा, हा शब्द ते लगेच ओळखतात. पूर्ण पत्ता, फ्लॅट क्रमांक, नवऱ्याचं नाव, गाडी, शेवटचं बोलणं तिथल्या वेळेप्रमाणे कधी झालं, मारहाणीबद्दल तिने काय सांगितलं, हे कागदावर लिहून मग फोन लावा. तिच्याशी नवऱ्याला बाजूला ठेवून एकटीशी बोला, असं आवर्जून सांगा. दार उघडून तो ‘झोपली आहे’ म्हणाला आणि पोलीस परतले, असं होऊ नये. ती सुखरूप असेल आणि पत्ता द्यायला नको म्हणाली तर पोलीस तुम्हाला फक्त ‘सुरक्षित आहे’ एवढंच सांगतील. तोही निरोप पुरेसा समजा.

ती घरात नसेल तर तिथेच बेपत्ता तक्रार द्या, थांबायची गरज तिथेही नाही. न्यूयॉर्कमधल्या भारतीय वाणिज्य दूतावासाला आणि परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तिच्या पासपोर्टच्या प्रतीसह त्याच दिवशी कळवा. दूतावास तपास करत नाही, पण पोलिसांकडे पाठपुरावा करतो. इथल्या ठाण्यातही फिर्याद द्या, विशेषतः लग्नानंतर भारतात काही छळ झाला असेल तर. परदेशात घडलेल्या भागाचा खटला इथे चालवायचा तर केंद्र सरकारची मंजुरी लागते, म्हणून मुख्य धागा तिथल्याच पोलिसांच्या हातात राहील. तिथल्या तपास अधिकाऱ्याचं नाव आणि केस क्रमांक पहिल्याच फोनला लिहून घ्या, पुढच्या प्रत्येक फोनला तोच विचारतात.